कुर्ल्याची गाडी, कुर्ल्याचेच भाग

‘आपल्याकडच्या फियाटला ओरिजिनल असं काही नसतंच हो. कुर्ल्यात नुसते नटबोल्ट आवळायचे. खरा माल इटलीचा. तो मिळाला तर बसवा, नाही तर हाताला लागेल ते बसवा.’

जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणाऱ्या मंडळींत हे मत आता सर्रास ऐकू येतं. गॅरेजात ऐकू येतं, गाड्यांच्या मेळाव्यांत ऐकू येतं, आणि ज्यांच्या शेडमध्ये आठ-दहा देखण्या गाड्या उभ्या आहेत अशा जाणत्या संग्राहकांच्या तोंडूनही येतं. ही माणसं अडाणी नाहीत. त्यांनी हात काळे केलेत, खिसे रिकामे केलेत, एकेका रबर बीडिंगसाठी ती गावोगाव हिंडली आहेत. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. मत नुसतं चुकीचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्याच्यापायी अस्सल गाड्या बिघडताहेत, आणि बिघडवणारा माणूस आपण गाडी सुधारली अशा समाधानात घरी जातो आहे.

माझीही एक त्यातलीच.

वडिलांनी घेतलेली १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. नंबर लावून, वाट बघून मिळालेली. ते गेल्यावर ती काही वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मग मी ती बाहेर काढली, आणि गॅरेजला देण्याआधी एका रविवारी अंगणात बसून इंजिनाच्या बाजूचे सुटतील ते भाग सोडवून रॉकेलने धुतले. डायनामोवर तेल आणि धूळ यांचा बोटभर थर बसला होता. जुन्या टूथब्रशने घासत गेलो तसा आधी राखाडी पत्रा दिसला, मग एक अक्षर, मग दुसरं. लुकास-टीव्हीएस. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत मेड इन इंडिया. वडिलांना त्या बॉनेटमध्ये वाकलेलं मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. फोटो काढला, भाग होते तसे जागेवर लावले आणि गाडी दिली.

तीन महिन्यांनी गाडी आणायला गेलो तेव्हा त्या जागी दुसराच डायनामो होता. चकचकीत, मॅग्नेटी मारेल्लीचा, युरोपातून मागवलेला. बिलातला त्याच्यापुढचा आकडा मी दोनदा वाचला.

“साहेब, आता गाडी शंभर टक्के ओरिजिनल झाली,” गॅरेजवाले म्हणाले.

“आणि जुना कुठे आहे?”

“तो? तो लोकल होता. भंगारात गेला.”

लोकल. आपल्या स्पेअर पार्टच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. कंपनी माल म्हणजे डबाबंद, भरवशाचा. लोकल म्हणजे नकली, कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये ओतलेला, सहा महिन्यांत जाणारा. दुकानात हा भेद करायलाच हवा. गिऱ्हाइकाच्या जिवाशी त्याचा संबंध असतो. पण ज्या गाडीचा जन्मच कुर्ल्याचा, तिला हा शब्द लावताना थांबून विचार करायला हवा होता. माझ्या गाडीत कारखान्याने बसवलेला भाग वजनावर विकला गेला, आणि कारखान्याने त्या वर्षी बसवलाच नव्हता असा भाग ‘ओरिजिनल’ म्हणून माझ्या बिलात आला. त्या गॅरेजवाल्यांची नियत खोटी नव्हती. त्यांनी जे ऐकलं होतं त्यावर विश्वास ठेवला.

कुर्ल्यात नुसती जोडणी होत होती का? होती, काही काळ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. क्रायस्लरशी करार होता, त्यामुळे डॉज, प्लिमथ, डिसोटो यांचे भाग खोक्यांतून येत आणि कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात त्यांची गाडी होई. फियाटही सुरुवातीला तशीच आली. पण १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच या देशात मोटारी कराव्यात. सरकारने ती मानली. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स त्यानंतर गाशा गुंडाळून गेली, फोर्डही गेली. प्रीमियर राहिली, कारण तिने इथे बनवायचं कबूल केलं होतं.

ते कबूल करणं कागदावरचं नव्हतं. एकेक भाग खोक्यातून यायचा थांबत गेला. १९५१ साली निघालेल्या बेंगळुरूच्या मायकोने बॉशच्या परवान्याखाली स्पार्क प्लग बनवले. मद्रासजवळ पाडीला १९६१ साली लुकास-टीव्हीएस उभी राहिली आणि डायनामो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटर देशात होऊ लागले. सोलेक्सचे कार्बुरेटर परवान्याखाली इथे बनले. ओतकाम, पत्राकाम, काच, रबर या प्रत्येकामागे कुठला ना कुठला देशी कारखाना, आणि त्या कारखान्यात एखादं काम पहिल्यांदाच शिकणारी माणसं होती.

म्हणजे तपशील वर्षागणिक बदलत होता, हे आक्षेपकांचं म्हणणं खरं आहे. पण त्यावरून ‘मूळ असं काही नाही’ हा निष्कर्ष निघतोच कसा? ज्या मुलाची उंची दरवर्षी वाढते त्याला उंचीच नाही, असं कोणी म्हणत नाही. कितव्या वर्षीची उंची, एवढंच विचारावं लागतं. पन्नाशीच्या दशकातल्या, खोक्यातून आलेल्या फियाटमध्ये इटालियन डायनामो दिसला तर तो तिथलाच असू शकतो. १९६८ च्या डिलाइटमध्ये तोच परका. कुर्ल्याच्या गाडीचं मूळ शोधणं म्हणूनच अवघड आहे, इटलीत तुरिनला बनलेल्या फियाटपेक्षा जास्त अवघड. तिथे एक कॅटलॉग उघडला की बरंच भागतं. इथे गाडीचं साल, शक्य तर महिना, आधी नक्की करावा लागतो. अवघड आहे म्हणून ते नाहीच असं ठरवून टाकणं हा निव्वळ आळस आहे, आणि तो अभ्यासू माणसांनी करावा याचं मला वाईट वाटतं.

आता तुरिनकडे. इटलीचं ते मूळ आणि आपली ती नक्कल, असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन्ही गाड्या शेजारी उभ्या कराव्यात. फियाटने इटलीत ११०० डी आणली १९६२ साली, आणि तिचं इंजिन होतं १२२१ सीसीचं. दोनेक वर्षांत तीच गाडी डिलाइट म्हणून कुर्ल्यात आली, पण इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं, आणि पुढे पेट्रोलवरच्या पद्मिनीतही तेच राहिलं. बाहेरून जुळी वाटणारी ही भावंडं आतून वेगळी आहेत. ‘इटलीहून खरं डीचं इंजिन मागवा, बसतं आरामात’ असा सल्ला मला स्वतःला मिळालेला आहे. बसतही असेल. पण ते बसवल्या क्षणी माझी डिलाइट ही जगात कुठल्याच कारखान्यातून कधीच बाहेर न पडलेली गाडी झाली असती. वर आरसी बुकातला इंजिन नंबर खोटा ठरला असता तो वेगळाच.

इटलीची गाडी डाव्या बाजूने चालवायची, आपली उजव्या. स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर तिथे उजव्या हाताला येतो, इथे डाव्या. डॅशबोर्ड, पेडल यांच्या जागा त्याबरोबर फिरतात. हेडलाइटचं तर फारच मन लावून पाहायला हवं. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, म्हणून डिप केलेला झोत डावीकडच्या कडेवर थोडा लांब पडावा आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपासून खाली राहावा, अशा रेघा काचेत घातलेल्या असतात. इटलीत रस्ता उलटा, म्हणून रेघाही उलट्या. तिथल्या अशा काचा ‘ओरिजिनल’ म्हणून हौसेने लावल्या, की रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड फेकत गाडी जाते. अशी एक गाडी रात्रीच्या घाटात माझ्या समोर आली होती. वळणावर क्षणभर मला रस्ता दिसला नाही. गाडी अत्यंत सुंदर होती, हे नंतर चहाच्या टपरीवर ती शेजारी उभी राहिली तेव्हा कळलं.

आणि कालक्रम पाहा. १९६६ साली इटलीत ११०० आर आली. तिला पुढे डिस्क ब्रेक, गिअर खाली फ्लोअरवर. १९६९ मध्ये १२८ आली आणि इटलीत ११०० चा काळ संपला. कुर्ल्यात मात्र तीच बॉडी त्यापुढे तीस वर्षं निघत राहिली. फियाटचं नाव जाऊन प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी झाली. मग १९८५ च्या पद्मिनीचं मूळ रूप तुरिनमध्ये कुठल्या वर्षात शोधायचं? तिथे ती गाडी बंद होऊन सोळा वर्षं झाली होती. या प्रश्नाचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. देता येणारही नाही, कारण त्या गाडीचा मूळ नमुना कुर्ल्याखेरीज कुठेच नाही.

तरीही पद्मिनीच्या नाकावरचं प्रीमियरचं चिन्ह काढून फियाटचा लाल बिल्ला ठोकण्याची फॅशन आहे. मला ही सगळ्यांत दुखणारी गोष्ट वाटते. ‘लोक पद्मिनीला फियाटच म्हणायचे’ असा त्यावर युक्तिवाद होतो. म्हणायचेच. माझ्या आईने शेवटपर्यंत फियाट म्हटलं. सगळ्या टॅक्सीवाल्यांनी म्हटलं. १९५० च्या दशकातल्या गुबगुबीत गाडीला लोक डुक्कर फियाट म्हणत आणि आजही प्रेमाने म्हणतात. म्हणून तिच्या बॉनेटवर डुकराचं चित्र लावायचं का? लोकांच्या जिभेवरचं नाव लोकांच्या जिभेवर राहू द्या. पत्र्यावर जे होतं ते पत्र्यावर असावं. परदेशी कंपनीचा परवाना संपल्यावरही एक मुंबईचा कारखाना स्वतःच्या नावाने मोटार काढत राहिला, ही गोष्ट त्या छोट्याशा चिन्हात आहे. ते चिन्ह उपटून टाकणाऱ्याला आपण काय उपटतो आहोत हे कोणीतरी सांगायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त कसलेला असतो. ‘समजा भाग मूळचा नाही. पण हुबेहूब आहे, काम चोख करतो आहे, दिसतही नाही. मग फरक काय पडतो?’

रोजच्या वापराच्या गाडीत काहीच पडत नाही. गाडी चालली पाहिजे म्हणून उंब्रजच्या नाक्यावर मिस्त्रीने बसवून दिलेला भाग हा त्याच्या हुशारीचा दाखला असतो आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण ज्या क्षणी आपण ती गाडी ‘रिस्टोअर केलेली, कारखान्यातून निघाली तशी’ म्हणून लोकांसमोर उभी करतो, त्या क्षणी आपण एक विधान करत असतो, आणि विधान खरं तरी असतं किंवा खोटं तरी. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी तिथे बसते. २०,००० रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. माझी डिलाइट त्यात बसते, सुरुवातीच्या पद्मिनींनीही आता पन्नाशी गाठली आहे. उद्या अर्जावर ‘मूळ स्वरूपात’ या शब्दांखाली सही करताना, १२२१ सीसीचं इंजिन बसवलेला माणूस काय सांगणार? हुबेहूब आहे, दिसत नाही?

शिवाय तुरिनला प्रमाण मानणाऱ्यांनी तुरिनचीच एक गोष्ट मानावी. फिवा या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली एक सनद संमत केली. ती तुरिन सनद म्हणूनच ओळखली जाते. जे आहे ते आधी जपा, बदलावं लागलंच तर बदल नोंदवा, आणि बदललेल्या भागावर सहज डोळ्यांत न भरणारी पण कायमची खूण करा, असा तिचा आशय आहे. पुढच्या माणसाला फसवू नका, एवढं साधं त्यामागचं म्हणणं. माझ्या त्या गॅरेजात एकाही बदललेल्या भागाची यादी नव्हती. विचारल्यावर “साहेब, सगळं डोक्यात आहे” असं उत्तर मिळालं.

मूळ भाग ओळखायचा कसा, हे सांगितल्याशिवाय हा वाद अर्धाच राहील. कारण ‘कळतच नाही हो’ ही तक्रार पुष्कळदा प्रामाणिक असते.

पहिली गोष्ट म्हणजे दोन शब्दांची गल्लत सोडवायला हवी. डब्यावर कंपनीचं लेबल आहे म्हणून भाग जेन्युइन असेल, पण जेन्युइन म्हणजे कारखान्यात बसवलेला नव्हे. कंपनी नंतरच्या वर्षांत स्पेअर म्हणून जे विकते ते पुष्कळदा सुधारलेलं, स्वस्त केलेलं किंवा दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतलेलं असतं. पार्ट कॅटलॉगचंही तसंच. नवी आवृत्ती निघते तेव्हा जुन्या नंबराच्या जागी नवा नंबर येतो, आणि ‘कॅटलॉगात आहे’ म्हणत आपण १९६८ च्या गाडीला १९७९ चा भाग लावून मोकळे होतो. कॅटलॉग बघायचा तो गाडीच्या सालाच्या जवळचा, आणि त्यावरही डोळे मिटून विसंबायचं नाही.

मग गाडीलाच विचारायचं. लुकासची जुनी रीत अशी, की डायनामो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटर यांच्या अंगावर बनवल्याचा महिना आणि साल ठोकलेलं असायचं. ते साल गाडीच्या सालाच्या थोडं आधीचं असेल तर ठीक. नंतरचं असेल तर भाग कितीही अस्सल असो, कारखान्यात बसवलेला तो नव्हे. काळ उलटा चालत नाही. काचांच्या कोपऱ्यातले शिक्के एकमेकांशी ताडून पाहावेत. सहापैकी पाच काचांवर एकच शिक्का आणि सहावीवर वेगळा असेल तर ती कधी फुटली होती ते घरात कोणाला तरी आठवतं. मूळ रंग शोधायचा तर बाहेरच्या पत्र्यावर पॉलिश पेपर मारत बसण्यात अर्थ नाही, तिथे चार वेळा रंग आणि दोन वेळा लांबी चढलेली असते. डॅशबोर्डच्या खाली आडवं पडून वर बघावं, दाराचं आतलं कव्हर काढावं, डिकीतल्या स्टेपनीखालचा कोपरा खरवडावा. माझ्या गाडीचा मूळ फिकट निळसर रंग मला मागच्या काचेच्या रबराखाली सापडला, बोटाच्या नखाएवढा. घरात सगळे ती गाडी आधीपासून पांढरीच होती असं शपथेवर सांगत होते.

आणि नटबोल्ट. यांच्याकडे कोणी बघत नाही, पण खोटं सगळ्यात आधी इथे उघडं पडतं. फियाट ही मेट्रिक गाडी; अँबेसेडर ही मॉरिसची लेक, तिचे आटे इंचांचे. आपल्या गॅरेजांत दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उघडल्या जात आणि बोल्ट एकाच डब्यात पडत. आठ मिलिमीटरच्या बोल्टाच्या जागी पाच-सोळांश इंचाचा बोल्ट पहिल्या दोन वेढ्यांपर्यंत गुपचूप जातो, कारण जाडी जवळपास सारखीच. मग अडतो. मग लांब पान्याने जोर लावला की आतले मऊ आटे कापत तो जाऊन बसतो. नीट बघितलं तर अशा बोल्टाच्या डोक्यावर तेराचा पाना किंचित डुगडुगतो, कारण ते डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटरचं आहे. माझ्या गाडीच्या वॉटर पंपाजवळचे दोन बोल्ट असे निघाले. डुगडुगलेला पाना हातात धरून बसलो तेव्हा मला समजलं, की हे इंजिन मी समजत होतो त्यापेक्षा एकदा जास्त उघडलेलं आहे. वडिलांच्या बिलांच्या फायलीत त्याची चिठ्ठी नंतर सापडलीही.

कुर्ल्याच्या कारखान्यात बॉडीच्या कामात उमेदीची वर्षं घालवलेल्या एका काकांना मी गाडी दाखवायला बोलावलं होतं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि दाराच्या फटीतून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. मग पलीकडे जाऊन तसंच केलं.

“काका, दोन्ही बाजूंची फट सारखी नाहीये. गॅरेजवाले म्हणतात, सगळं कापून नव्याने बसवू.”

“हात लावू देऊ नका त्याला,” ते म्हणाले. “अहो, एकेक दार आम्ही हाताने बसवायचो. लाकडी ठोकळा लावून हातोडी मारायची, उघडबंद करून बघायचं, पुन्हा मारायची. सारखी असती ना फट, तर मी म्हटलं असतं गाडी ठोकलेली आहे.”

ज्याला आपण दोष समजून काढायला निघालो होतो ती त्या माणसाच्या हाताची सही होती. आज रिस्टोअर होऊन येणाऱ्या गाड्यांच्या फटी नव्या मोटारीसारख्या एकसारख्या असतात, रंगात तोंड दिसतं, जिथे साधा रंग होता तिथे क्रोम चढलेलं असतं. ‘नवी होती त्याहून चांगली’ असं मालक अभिमानाने सांगतात. त्यांच्या खर्चाला आणि कष्टाला कमी लेखायचं नाही, पण नवी होती त्याहून चांगली गाडी ही नवी होती तशी नसते, आणि आपण शब्द दिलेला असतो तो ‘होती तशी’ असा.

तिसरा आक्षेप म्हणजे हे सगळे श्रीमंतांचे लाड आहेत. प्रत्यक्षात आहे नेमकं उलटं. इटलीहून भाग मागवायचा तर युरोत किंमत, वर कुरिअर, वर कस्टम. कुर्ल्याचा भाग शोधायला लागतात चपला. सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे, चोरबाजारात, ऑपेरा हाउसच्या जुन्या दुकानांच्या माळ्यावर, कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या बंद पडलेल्या गॅरेजात तो अजून मिळतो, आणि पुष्कळदा वजनाच्या भावात मिळतो, कारण विकणाऱ्याच्या लेखी तो ‘लोकल’ असतो. पगारदार माणसाला हा छंद परवडतो तो कुर्ल्याच्या मालामुळेच. पण तो साठा आटतो आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती; वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. एकेक टॅक्सी मोडीत निघाली तेव्हा तिच्याबरोबर दारं, बिजागऱ्या, गिअरचे दांडे, काचा, सगळं वितळलं. त्या दिवसांत आपल्यापैकी किती जण इटालियन दुकानांच्या याद्या चाळत होते, आणि किती जण मोडीच्या अड्ड्यावर जाऊन उभे राहिले?

एका बाबतीत मी आग्रह धरत नाही. टायर, ब्रेकचे होज, वायरिंग, इंधनाचे रबरी पाइप हे मूळचे हवेत असं कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नये. पन्नास वर्षांचं रबर वरून कितीही छान दिसलं तरी आतून चिरलेलं असतं, आणि त्यावर बायकामुलांना बसवून घाट उतरायचा नसतो. नवे घाला आणि वहीत लिहा. तसंच, सीएनजीचा सिलिंडर, वरचं कॅरिअर आणि मीटरसकट एखादी टॅक्सी कोणी आहे तशी जपली असेल तर तिचं सगळं काढून तिला ‘कारखान्यातली’ करू नका. ते वीस वर्षांचं आयुष्यही तिचंच आहे. मात्र ती टॅक्सी म्हणून दाखवा.

माझा डायनामो परत मिळाला नाही. गॅरेजवाल्यांनी सांगितलेल्या भंगारवाल्याकडे मी दुसऱ्याच दिवशी गेलो. ट्रक भरून गेला होता. पुढे आठ महिने शनिवारी-रविवारी फिरलो, तेव्हा सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत एका ढिगाखाली त्याच जातीचा डायनामो मिळाला. त्याच्यावरचं साल १९७१ आहे, माझ्या गाडीचं १९६८. म्हणजे तो बरोबर जातीचा आहे, पण माझ्या गाडीचा नव्हे, आणि हे लपवायचं कारण नाही. त्याचं वाइंडिंग नव्याने करून घेतलं, ब्रश बदलले, ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला बारीक पंचने बसवल्याचं साल ठोकलं, आणि गाडीच्या कप्प्यातल्या वहीत जुन्या डायनामोच्या फोटोखाली ते लिहिलं.

मारेल्लीचा डायनामो मी तेलकट कागदात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. वस्तू उत्तम आहे, तिचा काही दोष नाही. कोणाकडे पन्नाशीच्या दशकातली, खोक्यातून येऊन कुर्ल्यात जोडलेली डुक्कर फियाट असेल, तिचा डायनामो हरवला असेल आणि हा तिला लागू पडत असेल, तर त्याने तो घेऊन जावा. पैसे नकोत. फक्त येताना गाडीचं साल ठरवून यावं.